रिसालतचे निळे डाग

बावीस वर्षं मी रिसालतचं रक्त मोजते आहे. आता मी निवृत्त झाले, दवाखान्यात मशीन आलं, बटण दाबलं की आकडा छापून येतो. तरी सुई टोचून घ्यायला ती बाई माझ्याच दारात उभी. मी रक्त काढायचं आणि बाटली दवाखान्यात पाठवायची, असा आमचा शिरस्ता. म्हणते, "खोसियत-आपा, तुझा हात हलका." हलका कसला डोंबलाचा! सुई काढल्यावर दहा मिनिटं कापूस दाबून बसायचा धीर त्या नव्या पोरींना नाही, एवढीच माझी करामत. तेवढा वेळ दाबलं नाही तर तिचा कोपर वांग्यासारखा होतो.

रिसालत आमच्या अनारबाग मोहल्ल्याची गोयंदा. मयताच्या घरी बायकांच्या गोलात मधोमध उभं राहून जी रडगाणं म्हणते, ती गोयंदा. बाकीच्या बायका तिच्याभोवती फिरत, ऊर बडवत तिची ओळ उचलतात. तिची आई हेच करायची, आईची आईही. इमामसाहेबांना हे मुळीच पसंत नाही. ऊर बडवणं पाप आहे असं ते अधूनमधून बजावतात, बायका माना डोलावतात, आणि पुढच्या मयताला पुन्हा बडवतात. मी तर म्हणते, इमामसाहेबांचं ऐकलं असतं तर रिसालतचे निम्मे हाल वाचले असते. पण ऐकतो कोण?

बावीस वर्षांपूर्वी ती आली ती दाताची तक्रार घेऊन. हिरड्यांतून रक्त येतं, उशीवर डाग पडतात म्हणाली. विजार वर केली तर नडगीवर लाल टिपके, कुणी सुईनं टोचून ठेवल्यासारखे. पाळी म्हणाल तर बारा-बारा दिवस. मी काचेवर थेंब घेतला आणि भिंगाला डोळा लावला. तेव्हा सगळं डोळ्यांनीच मोजायचं. रक्त गोठवायचं काम प्लेटलेटचं, आणि त्या दीड लाखाच्या वर असाव्या लागतात. हिच्या भरल्या नऊ हजार. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजल्या, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजल्या. नऊ म्हणजे नऊ.

तिला घेऊन फरगाण्याच्या मोठ्या दवाखान्यात मीच गेले. रक्ताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कर्करोग नाही, कुणाचा लागलेला नाही, लेकीबाळींना जाणारा नाही. शरीर स्वतःच्याच प्लेटलेटना शत्रू समजतं आणि मारून टाकतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ! तक्रार कुणाकडे करायची?

"बरी कधी होईन?" रिसालतनं विचारलं.

"लहान मुलं बहुतेक आपोआप बरी होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठ्यांकडे हा आजार पुष्कळदा मुक्कामालाच येतो. तो जाईल याची वाट बघू नका. त्याच्यासोबत राहायला शिका."

बाहेर बाकावर मफ्तुना नावाची सहा वर्षांची चिमुरडी बसली होती. अंगभर जांभळे डाग, नाकात बोळा, आणि आकडा रिसालतपेक्षाही खाली, सहा हजार. तिची आई रडून रडून अर्धी झालेली. पोरीला पळू द्यायचं नाही, झाडावर चढू द्यायचं नाही, भावंडांशी मस्ती नाही. घरात जणू पाखरू बांधून ठेवलेलं. चार महिन्यांनी तीच पोर त्याच बाकाभोवती उड्या मारत होती. दोन लाख दहा हजार! आईनं सगळ्या रांगेला हलवा वाटला. रिसालतनं हलवा तोंडात टाकला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत येताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "लेकरांना सोडलं ना खुदानं, मग ठीक आहे. मला धरून ठेवलं तरी चालेल." चालेल म्हणणं सोपं असतं. त्या वेळी आम्हाला वाटलं, फार तर दोन-तीन वर्षं.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी आकडा चढला, पण तोंड सुजून गोल झालं, भूक अशी की मध्यरात्री उठून शिळा नान खायची, आणि स्वभाव असा तिखट की नुमान-अका, म्हणजे तिचा नवरा, दुपारचा चहा माझ्या अंगणात येऊन प्यायचा. गोळ्या कमी केल्या की आकडा धाडकन खाली. पुन्हा गोळ्या. पानथरी काढू या, प्लेटलेट तिथंच मरतात, म्हणाले. तिनं नाही म्हटलं, आणि मीही जोर केला नाही. पुढे नवी औषधं निघाली. ती कधी मिळत, कधी नाही.

पण सगळ्यात वाईट म्हणजे थकवा. तो भिंगाखाली दिसत नाही, म्हणून कुणी धरतही नाही. सकाळी उठायची तीच दिवसभर राबल्यासारखी. अंगण झाडता झाडता खाली बसायची. आणि बघणाऱ्यांचं काय, "रंग तर कसा छान आहे, हिला काय झालंय?" वर सल्ले फुकट. कुणी बीट खा म्हणे, कुणी डाळिंब, कुणी घोड्याची चरबी. एक वैदू तर जळवा लावायला निघाला होता! मी त्याला दारातून हाकलला तेव्हा त्याची टोपी आमच्या पाटात पडली. मी उचलून दिली नाही.

आता माझं पाप सांगते. सांगायलाच हवं.

आजार कळून वर्षसुद्धा झालं नव्हतं. आम्ही बायका हमामात न्हायला गेलो होतो. रिसालतनं अंगावरचं कापड सोडलं आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या छातीवर. खांदे, गळ्याखालचा भाग, सगळं निळं-पिवळं. दोन दिवसांपूर्वी एका मयताला गेली होती. तिथं तिनं काय केलं होतं? तान्ह्या पोराला थोपटावं तसं थोपटलं होतं, बस्स. पण तिच्या अंगाला तेवढंही पुरतं.

मोहल्ल्यात खातिरा नावाची एक बाई आहे. जिभेला हाड नाही. ती वाफेतून म्हणाली, "अगं बाई! नुमान दिसतो किती गरीब. घरात असा हात उचलतो होय?"

रिसालत पांढरीफटक पडली. खरं सांगावं तर घरात दोन मुली उपवर. आईच्या रक्तात खोट आहे असं एकदा पसरलं की त्या मुलींना कोण विचारतंय? डॉक्टरीणबाई लाख म्हणोत, लेकींना जात नाही म्हणून. सोयरिक जुळवणाऱ्या बायका डॉक्टरीणबाईंना विचारायला जात नाहीत. आणि गप्प राहावं तर नुमान-अकाच्या नावाला काळं. ज्या माणसानं आयुष्यात कोंबडीवर सुरी धरली नाही, तो बायकोला मारतो म्हणून गावभर झालं असतं.

मग मीच फाडकन बोलले. "डोळे फुटलेत का तुझे, खातिरा? परवा मयताला तूही होतीस ना? तू आपली चहा पीत बसलीस. हिनं ऊर बडवून घेतला. परक्याच्या मयतासाठी!"

झालं. मग एकेक बाई पुढं आली आणि रिसालतच्या खांद्याला हात लावून तो हात आपल्या डोळ्यांना लावू लागली, पीरबाबाच्या कबरीला लावावा तसा. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तिथपासून चार मोहल्ल्यांत बोभाटा: खरी रडणारी एकच, रिसालत. बाकीच्या नुसतं तोंडानं रडतात, ही अंगानं रडते. शेजारच्या गावातली गोयंदा म्हणे गळ्याला निळं चोळून यायला लागली, एवढी हिची ख्याती.

दोघीच असलो की आम्ही हसायचो त्यावर. "आपा, लोक आजाराच्या पाया पडतात," ती म्हणायची. मग हसणं संपलं. कारण बोलावणी वाढली, आणि प्रत्येक बोलावण्यामागे डाग, आणि डाग दिसले नाहीत तर बायकांची कुजबुज. मुलींची लग्नं झाली, नातवंडं झाली, खोट्याची गरज सरली. पण एवढी वर्षं मिरवलेलं खोटं आता खाली कुठं ठेवायचं? मी म्हणायचे, "सोड हे." ती म्हणायची, "आणि काय करू? भाजी चिरताना सुरीला भिते, तंदुरात हात घालताना भिते, दात घासताना भिते. फक्त त्या गोलात उभी असते तेव्हा भीत नाही."

मधे, बारा वर्षांपूर्वी, एल्योर गेला. तोजिनिसाचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. ट्रकखाली. त्या मयताहून आल्यावर दुसऱ्या दिवशी रिसालतचं नाक वाहू लागलं ते थांबेचना. तोंडात रक्ताचे फोड. छाती गळ्यापासून बरगड्यांपर्यंत काळी. मोजल्या तर चार हजार. चार! आकडाच इतका पडलाय, मग थोपटूनही असं होणारच, असं मी धरून चालले. बारा दिवस ती फरगाण्याला दवाखान्यात होती आणि मी मोहल्ल्यात सांगत होते, "बहिणीकडे गेलीय अंदिजानला." खोट्याचा मला आता सराव झाला होता.

या वसंतात तिची सासू, अदोलत-आया, गेली. सत्त्याऐंशी वर्षांची, धाकट्या मुलाकडे दोन गल्ल्या पलीकडे राहायची. म्हातारी भारी मिरवायची सुनेला. दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मला मरणाची भीती नाही. माझी रिसालत आहे. मी गेले की बघा कशी निळी होते ते!" रिसालत समोर असली तरी म्हणायची. रिसालत कसनुसं हसायची.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तिचा आकडा सात हजारांवर आला होता. जिभेवर रक्ताचा फोड. फरगाण्याहून फोन आला होता, उद्या सकाळी भरती व्हा, डोकं दुखलं तर सकाळचीही वाट बघू नका. मेंदूत रक्तस्राव झाला तर हातात काही राहत नाही, हे मी तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. म्हातारी भरतीच्याच दिवशी सकाळी गेली.

नुमान-अका माझ्या दारात आला. आई गेलेला माणूस, आणि रडायलाही उसंत नाही. "खोसियत, तू सांग तिला. माझं ऐकत नाही. आईला मी माती देईन. बायकोलाही आजच द्यायची का?"

मी गेले. रिसालत निळा झगा घालून पलंगावर बसली होती, मयताचा.

"गाडी बोलावते," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता फरगाण्याला."

"सासूच्या मयताला सून दवाखान्यात झोपली, असं होय?"

"हो, असंच. मेलीस तर दोन मयतं होतील, तेवढीच बायकांची सोय."

ती हसली नाही. "मी फक्त उभी राहीन, आपा. ओळी म्हणेन. अंगाला हात लावणार नाही."

"बोलतील."

"बोलू देत."

"तुला चालेल?"

तिनं झग्याच्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाली, "नाही चालणार. पण खूप दमलेय गं. आता मला कुणाचीच समजूत घालता येत नाही." मीही दमले होते. तिचा हात धरून मी तिला घेऊन गेले.

अंगण बायकांनी भरलेलं. दाराबाहेर रिवाजाप्रमाणे कंबरेला दुपट्टा बांधून पुरुष उभे. गोल झाला. रिसालत मधे उभी राहिली, दोन्ही हात खाली सोडलेले. तिनं पहिली ओळ म्हटली. बायका फिरू लागल्या, छातीवर हात पडू लागले, धप, धप. तिचे हात मात्र खालीच. दुसरी ओळ, तिसरी ओळ. आता डोळे तिच्या हातांवर. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं.

खातिरा आपल्या सुनेला म्हणाली, पण आवाज सगळ्या अंगणासाठी, "बघून ठेव गं. परक्यांसाठी ऊर फुटतो काही जणींचा. सासूसाठी मात्र हात जड होतात."

लेकी बोले सुने लागे. रिसालतची ओळ अर्ध्यावर अडखळली. तेवढ्यात तिची धाकटी जाऊ, म्हातारीची वीस वर्षं सेवा केलेली, कळवळून रडत म्हणाली, "आया रोज तुमचंच नाव घ्यायची हो आपा! रोज! एकदा तरी, एकदा तरी तिच्यासाठी…"

आणि मी पाहिलं, रिसालतचा उजवा हात वर येत होता. बोटं मिटलेली. घट्ट मूठ.

माझं भानच गेलं. मी गोल फोडून आत शिरले, दोन बायकांना ढकललं, एकीच्या पायावर पाय पडला असेल. "थांबा! थांबा म्हणते ना! हात लावशील तर याद राख!" मयताच्या घरात एवढ्या मोठ्यानं ओरडलेली बाई आमच्याकडे कुणी पाहिली नसेल. बाहेर पुरुषांचं बोलणंसुद्धा थांबलं. "हिला आजार आहे. रक्ताचा. बावीस वर्षं! ते डाग मारून घेतल्याचे नव्हते, नुसतं थोपटलं तरी उठतात हिच्या अंगावर. हमामात मी खोटं बोलले. मी! हिला दोष देऊ नका, माझ्या तोंडात माती घाला. आज हिनं एक ठोसा मारून घेतला तर उद्या हिला उचलावं लागेल."

मग मागून एक आवाज आला, "म्हणजे आमच्या आईच्या वेळी ती नुसती…" आणि दुसरा, "इतकी वर्षं आम्ही हिचे हात डोळ्यांना लावले." मला वाटलं, संपलं. जीव वाचवला आणि बाईचं बाकी सगळं घालवलं. फार वाईट वाटलं मला. बोललेलं परत घेता येत नाही.

तेव्हा तोजिनिसा पुढं आली. मुलगा गेल्यापासून ती कुणाशी फारसं बोलत नाही. रिसालतच्या अगदी समोर उभी राहिली. "माझ्या एल्योरच्या वेळचे?" तिनं विचारलं. "तेही आजाराचेच?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. माझ्या हिशेबी तेच खरं होतं. चार हजार मीच मोजल्या होत्या. पण रिसालत माझ्या आधी बोलली.

"नाही. ते माझे."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"बाकी सगळ्या वेळी थोपटलं," रिसालत म्हणाली. "रडले खरी, पण हात राखून. त्या दिवशी नाही राखला. तू भिंतीला टेकून बसली होतीस, तोजिनिसा. तुझ्या तोंडून आवाजच फुटत नव्हता. एवढा तरणा पोर गेला आणि आई नुसती बघत होती. मला वाटलं, कुणीतरी मारून घ्यायलाच हवं. तुला जमत नाही तर मी. मुठीनं मारलं. किती वेळा ते आठवत नाही."

बारा वर्षं तिनं हे मलाही सांगितलं नव्हतं. मला, जिनं तिचा थेंबन् थेंब पाहिलाय! राग आला मला, खोटं कशाला सांगू.

तोजिनिसानं रिसालतची दोन्ही मनगटं धरली आणि खाली दाबली. मग तशीच धरून तिच्यासमोर उभी राहिली. बायका चुळबुळल्या. "म्हण," तोजिनिसा म्हणाली, "आयासाठी म्हण. हात मी धरलेत." रिसालतनं ओळ म्हटली. गोल हळूहळू पुन्हा फिरू लागला. काहींनी ऊर बडवला, काहींनी नाही. खातिरानं बडवला, तिची ती जाणे. जनाजा उठेपर्यंत तोजिनिसानं ती मनगटं सोडली नाहीत. मधे एकदा रिसालतचा हात झटका देऊन वर यायला बघत होता. तिनं तो अंगाचं वजन टाकून खाली दाबला.

संध्याकाळच्या आत आम्ही फरगाण्याला पोचलो. आता मोहल्ल्यात तिला कोण बोलावेल, कोण नाही, मला माहीत नाही. दोघी-तिघींनी तर माझ्याशी बोलणं टाकलंय. रिसालत खाटेवर पडली होती, डोळे अर्धे मिटलेले, सुई लागलेली. नवी नर्स होती, कोवळी पोर. पट्टी बांधायला तिनं बाह्या वर केल्या आणि थबकली. दोन्ही मनगटांवर बोटांचे ठसे, पाची बोटं मोजून घ्यावीत असे, काळेनिळे. नर्सनं एकदा नुमान-अकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खाली वाकून हळूच विचारलं, "खाला, खरं सांगा. कुणी केलं हे तुम्हाला?"

मी उत्तर द्यायला पुढं सरसावले, सवयीनं. रिसालतनं मला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

"एल्योरच्या आईनं," ती म्हणाली. "तिनं मला सोडलं नाही."